हॉर्न वाजवून पोट भरतं का, आणि नाहीच भरलं तर शिकवावं का?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. शाळेच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी फ्रेंच हॉर्न (गोल गुंडाळलेल्या पितळी नळीचं फुंकवाद्य) हातात आला आणि आता तो खाली ठेवायला तयार नाही. आईला विचारायचंय की यात पोट भरतं का, सायन्स सोडू द्यावं का. शेवटी त्यांनी लिहिलंय, "वादक म्हणून नाहीच जमलं तर शिक्षक होईल, असा आमचा विचार आहे."

ताई, हे शेवटचं वाक्य मला खटकलं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी अठराव्या वर्षी संरक्षण दलाच्या एका बँडात भरती झालो आणि पंधरा वर्षं तिथे हॉर्न वाजवला. नंतर मुंबईत रेकॉर्डिंग, चर्च, ऑर्केस्ट्रा, जिथून फोन येईल तिथे. गेली वीसेक वर्षं वाजवण्यापेक्षा शिकवणंच जास्त होतं. शिकवणं म्हणजे ज्याची लिप गेली त्याने करायचं काम, असं बँडात मीही बेलाशक म्हणायचो. (आमच्याकडे ओठांच्या ठेवणीला, ताकदीला, सगळ्यालाच 'लिप' म्हणतात. लिप बसली, लिप सुजली, लिप गेली.) ते म्हणणं किती उथळ होतं हे कळायला मला एक सूर भर कार्यक्रमात फोडावा लागला.

त्याआधी हॉर्नचं दुखणं समजून घ्या. एफ सुराच्या हॉर्नची नळी उलगडली तर साधारण बारा फूट भरते. ट्रम्पेटची साडेचार. घरात तानपुरा असेल तर खर्जाची तार छेडून कान द्या. तिच्यात कुणी न लावलेला गंधार बोलतो. हॉर्नच्या नळीतले सूर हे तशाच जातीचे, स्वयंभू. खाली ते लांब लांब उभे असतात: सा, वरचा सा, त्यावर पंचम. वर जावं तशी गर्दी होते. आठव्यापासून पुढे तर सा, रे, ग असे खांद्याला खांदा लावून. त्यातला सातवा आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला आणि अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारा. ट्रम्पेटवाल्याचं बरंचसं काम खालच्या मोकळ्या मजल्यावर चालतं, हॉर्नवाल्याचं वरच्या गर्दीत. बोटं तीच, व्हॉल्व्ह तोच, फुंक तेवढीच, पण ओठ केसभर सैल पडले की शेजारचा सूर येतो. किंवा त्याहून वाईट, दोन सुरांच्या मधली एक घोगरी उचकी येते. जगातल्या उत्तम हॉर्नवादकांचेही सूर फुटतात ते यामुळे. मुलाला ट्रम्पेट सोपा गेला आणि हॉर्नने रडवलं असेल तर त्याची बुद्धी कमी पडली असं समजू नका.

तर माझा सूर. चायकोव्स्कीच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग. सुरुवातीला फक्त खालची तारवाद्यं, संथ, अंधारल्यासारखी. त्यावर हॉर्न एकट्याने गाऊ लागतो. मी तेवढ्या वेळात ओठ ओले केले, नळीतलं पाणी काढलं, सगळं रीतसर केलं. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीत वरचा सूर धरायला गेलो आणि उचकी आली. श्रोत्यांपैकी निम्म्यांना कळलंही नसेल. पण मध्यंतरात सेकंड हॉर्न वाजवणारा पोरगा माझ्याजवळ आला आणि खऱ्या काळजीने म्हणाला, "सर, नेमकं काय झालं?"

मला सांगता आलं नाही. वाजवत होतो बावीस वर्षं. ओठ काय करतात, जबडा कुठे असतो, फुंक कुठल्या दिशेने जाते, यातलं काहीच मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. बँडात शिकलो ते "असं नाही, असं" एवढ्यावर. त्या पोराला उत्तर देता यावं म्हणून मी शोधाशोध सुरू केली, आणि माझं शिकवणं खरं म्हणजे तिथे सुरू झालं. सूर फुटायचे थांबले नाहीत, पण का फुटला हे त्याच रात्री कळू लागलं.

या शोधाशोधीत फिलिप फार्कस भेटले. पुस्तकातून, अर्थात. त्यांच्या 'द आर्ट ऑफ फ्रेंच हॉर्न प्लेइंग'ची झेरॉक्स एका गोव्याच्या मित्राकडे होती, पानांच्या कडा कॉफीने पिवळ्या झालेली. वादक आणि शिक्षक असं दुहेरी आयुष्य कसं असतं हे समजून घ्यायचं तर या माणसाइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फार्कस १९१४ चे, शिकागोचे. लहानपणी ट्यूबा घेऊन ट्रामने जायचे. एक दिवस कंडक्टरने सुनावलं की हे धूड उद्यापासून ट्राममध्ये चालणार नाही. पोराने विचारलं, मग काय चालेल? कंडक्टरने दुसऱ्या एका मुलाच्या हातातल्या पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यात फ्रेंच हॉर्न होता. असा किस्सा सांगतात. खरा असो वा रंगवलेला, लोकलमधून हॉर्न नेणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पटतो.

१९३३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना कॅन्सस सिटीच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. १९३६ मध्ये, बावीस वर्षांचे असताना, शिकागो सिंफनीत पहिल्या हॉर्नच्या खुर्चीवर. मग १९४१ ला क्लीव्हलंड, मध्ये एक मोसम बॉस्टन, परत क्लीव्हलंड, आणि चाळीसचं दशक संपायच्या आत पुन्हा शिकागो. तिथे १९५३ पासून फ्रिट्झ राइनर ऑर्केस्ट्राचे कंडक्टर होते, आणि त्यांच्या नजरेखाली पहिला हॉर्न वाजवणं म्हणजे रोजची परीक्षा. ट्रम्पेटला अॅडॉल्फ हर्सेथ, ट्यूबाला आर्नल्ड जेकब्स, हॉर्नला फार्कस. शिकागोच्या ब्रासचं (पितळी फुंकवाद्यांचं) नाव जगभर झालं ते या माणसांमुळे. राइनरची त्या काळातली रेकॉर्डिंग आजही मिळतात. मुलाला ऐकवा, यूट्यूबवरच्या 'टॉप टेन हॉर्न सोलो'पेक्षा बरी.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. फार्कस यांनी शिकवायला सुरुवात केली ती वाजवणं जमेनासं झालं म्हणून नव्हे. ऑर्केस्ट्रात असतानाच ते विद्यापीठांत शिकवत होते. ते झेरॉक्सवालं पुस्तक १९५६ चं, म्हणजे राइनरच्या समोर बसून रोज परीक्षा देण्याच्या दिवसांतलं. त्याच दशकात होल्टन कंपनीसाठी त्यांनी हॉर्नचं मॉडेल तयार करायला मदत केली, ते आजही त्यांच्या नावाने विकलं जातं. आणि १९६० मध्ये, छेचाळिसाव्या वर्षी, शिकागोची ती खुर्ची सोडून ते ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढची बावीस वर्षं तिथेच. हॉर्नवाला ज्या खुर्चीसाठी आयुष्य घालवतो ती सोडून. याला पडती बाजू म्हणता येईल का, तुम्हीच सांगा.

पण मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. १९६२ मध्ये त्यांनी सगळ्या ब्रासवाल्यांसाठी दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलं की ओठांतून निघालेली हवा सरळ माउथपीसच्या दांड्यात जायला हवी. ती खाली वळणं तर्काला धरून नाही. त्यासाठी खालचा जबडा थोडा पुढे आणून वरचे-खालचे दात एका रेषेत घ्यावेत. ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध. जगभर लोकांनी ते मानलं. त्यानंतर ते स्वतः कॅमेरा घेऊन बसले. चाळीस नामवंत हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो काढले आणि १९७० मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. काय निघालं? चाळीसपैकी एकोणचाळीस जणांची हवा कमी-अधिक प्रमाणात खालीच वळते. उरलेल्या एकाची वर. स्वतःच्याच छापील सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा माणसाने गोळा केला आणि तोही स्वतःच्याच नावाने छापला!

केवळ वाजवत राहिले असते तर हे कधीच उजेडात आलं नसतं. चांगलं वाजत असलं की ओठ काय करतात हे बघायची कुणाला गरज पडते? ती गरज समोर विद्यार्थी बसला की पडते. त्यातही विद्यार्थी आपल्यासारखा नसला की जास्तच.

चाळीसातला तो एक मला पुढे प्रत्यक्ष भेटला. वसईची एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. आधीच्या शिक्षकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की तुझी लिप चुकीची आहे, हॉर्न सोड. मी तिला माउथपीसची नुसती कडा, दांडीवर बसवलेली गोल रिंग, ओठांवर धरून गुणगुणायला लावलं आणि समोर माझा तळहात धरला. बहुतेकांची हवा हनुवटीकडे लागते. तिची माझ्या वरच्या बोटांना लागली. रिंगमध्ये बघितलं तर खालचा ओठ जास्त, वरचा कमी. हॉर्नच्या पुस्तकात असतं त्याच्या नेमकं उलट: वरचा दोन तृतीयांश, खालचा एक तृतीयांश, असं आम्ही सगळे घोकतो. मी तोंड उघडणार होतो. मग तिला म्हटलं, आधी वाजव तर. दोन सप्तकं चढली, एकही सूर न फोडता, घसा मोकळा, आवाज गोल. मी तिच्या ओठांना हात लावला नाही. जे बिघडलेलंच नाही ते काय दुरुस्त करणार? तिला शिकवलं ते श्वास, कान आणि थांबायचं कधी ते. आज ती परदेशात ऑर्केस्ट्रात लो हॉर्न, म्हणजे खालच्या सुरांचा हॉर्न, वाजवते.

त्याच वर्षी मी एका मुलाचं नुकसानही केलं, ते लपवत नाही. त्याला माझ्यासारखं बसवायला गेलो. माझे दात सरळ, त्याचे वरचे पुढे आलेले. सहा महिने तो माझं ऐकत राहिला आणि दिवसेंदिवस वरचा सूर हरवत गेला. शेवटी त्याच्या आईनेच विचारलं, "सर, तो पूर्वी बरा वाजवायचा ना?" परत आणायला एक वर्ष लागलं. उत्तम वादक आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, आणि वादनात मागे पडलेला तर मुळीच होत नाही. शिक्षक हा वेगळा रियाज आहे, तो वाजवता वाजवताच सुरू करावा लागतो. मुलाला आत्ताच शाळेच्या बँडातल्या सातवीच्या पोराला आठवड्यातून अर्धा तास शिकवायला सांगा. कंटाळला तर तेही कळेल.

आता पोटाचं. भारतात पगारी जागा कुठे आहेत ते आधी बघू. सर्वांत जास्त सैन्यदलांच्या आणि पोलिसांच्या बँडांत. लष्करी संगीताचं शिक्षण पचमढीला होतं, नौदलाचं मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजाली या तळावर. पगार मिळतो, आमच्या वेळी घर आणि पेन्शनही होतं (२०२२ पासून सैन्यदलांत जवानांची भरती अग्निपथ योजनेतून, चार वर्षांसाठी होते), आणि रोज वाजवायला मिळतं. हे शेवटचं फार मोलाचं आहे. बदल्यात मार्चिंग, ऊन, बदली आणि अनेक वर्षं तेच तेच तुकडे. माझी लिप तिथेच घडली, मी नावं ठेवणार नाही.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिच्या मोसमात अनेक खुर्च्यांवर परदेशातून आलेले वादक बसतात, कारण आपल्याकडे तेवढ्या तयारीचे लोक नाहीत. हॉर्नच्या बाबतीत तर विशेष. लग्नाच्या बँडात हॉर्न नाही, तिथे ट्रम्पेट आणि युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं वाद्य). मेरठला बँडची वाद्यं शतकभर बनतात, पण चांगला डबल हॉर्न (एकाच वाद्यात दोन लांबीच्या नळ्या असलेला) बाहेरूनच आणावा लागतो. चर्चच्या शाळांतून गोव्याने व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले दिले, हॉर्नवाले मोजके. म्हणजे स्पर्धा कमी, पण काम त्याहून कमी. सिनेमाचं रेकॉर्डिंग मी धरू नका म्हणेन. मी नव्वदच्या दशकात स्टुडिओत जायचो तेव्हा चार हॉर्न बोलावलेले पाहिलेत. आता संगणकातला हॉर्न कधीच चुकत नाही, चहाही मागत नाही. कधीतरी एखाद्या संगीतकाराला खऱ्या फुंकीची हौस येते, त्या दिवशी फोन येतो.

परदेशी ऑर्केस्ट्राचं स्वप्न असेल तर ते बघू द्या, पण डोळे उघडे ठेवून. एका जागेला ढिगाने अर्ज येतात. पहिली फेरी बहुतेक पडद्याआड होते, मोत्झार्टचा एखादा कॉन्चेर्टो आणि ऑर्केस्ट्रातले ठरलेले कठीण तुकडे, दहा मिनिटांत निकाल. निवड झाली तरी पुढे परीक्षेचा काळ. एक गोष्ट इथे फार जणांना ठाऊक नसते. चार हॉर्नमध्ये पहिला आणि तिसरा वरचं वाजवतात, दुसरा आणि चौथा खालचं. सगळी पोरं पहिल्या हॉर्नच्या सोलोंमागे धावतात. खालचा आवाज भरदार, सुरेल असलेला माणूस मिळणं तुलनेने अवघड. तुमच्या मुलाचा खालचा सूर मुळात चांगला असेल तर त्याच्यावरच मेहनत घ्यावी. वसईच्या मुलीने तेच केलं.

पदवीसाठी जर्मनीच्या सरकारी संगीत विद्यापीठांत फी बरीच कमी असते, काही राज्यांत परदेशी विद्यार्थ्यांना जास्त पडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ पासून शिकवणी फीच नाही, पण तिथे हॉर्नच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सगळीकडे प्रवेश वाजवून दाखवण्यावर. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा शिस्त लावायला चांगल्या, पण आठवी ग्रेड डिस्टिंक्शन म्हणजे पुढचं दार उघडलं असं नाही. त्या परीक्षेला तीन तुकडे वर्षभर घोटून चालतं. प्रवेशाच्या खोलीत समोरचे प्राध्यापक म्हणतात, हेच आता हळू वाजव, आता याच्या अर्ध्या आवाजात. तिथे खरं कळतं.

आणि शिकवण्याची नोकरी? आहे, आणि वाढते आहे. मुंबई, पुणे, बंगळुरूच्या इंटरनॅशनल शाळांना ब्रासचा शिक्षक हवा असतो, पण नुसता हॉर्नवाला नको असतो. ट्रम्पेट, ट्रोम्बोन, युफोनियम सगळं वर्गापुरतं वाजवता आलं पाहिजे, पंधरा पोरांना एका सुरात आणता आलं पाहिजे, आणि अडकलेला माउथपीस पुलरने काढता आला पाहिजे. (पकडीने ओढू नका. कृपा करून. दर पावसाळ्यात माझ्याकडे एक तरी वाकडी नळी येते.) त्यासाठी डिप्लोमा असलेला बरा. खाजगी शिकवण्यांवर मुंबईत महिना निघतो, नाशिकमध्ये ऑनलाइन धरून कसाबसा. ऑनलाइन मला स्वतःला फारसं आवडत नाही. फोनचा माइक हॉर्नचा आवाज दाबून टाकतो आणि ओठांतून हवा कुठे जाते ते तळहाताला लागल्याशिवाय कळत नाही.

सायन्स सोडू देऊ नका. बारावी पूर्ण झालेली बहुतेक ठिकाणी लागते, आणि ध्वनीचं भौतिकशास्त्र त्याला आमच्यापेक्षा चांगलं कळेल. रोज दोन ते अडीच तास पुरे, पण तुकड्यांत: सकाळी वीस मिनिटं लांब सूर आणि ओठांनीच सूर बदलण्याचे धडे, मग कॉलेज, मग उरलेलं. वाजवलं तेवढाच वेळ विश्रांती. ओठ सुजलेले असताना जिद्दीने वाजवणारे हॉर्नवाले मी संपताना पाहिलेत. ओठांचे स्नायू ऐकेनासेच होतात असा एक आजार आहे, डिस्टोनिया म्हणतात, आणि त्यातून परत येणं फार कठीण. बधिरपणा किंवा थरथर जाणवली तर थांबायचं, आणि दोन दिवसांत गेली नाही तर डॉक्टर.

वाद्याबद्दल. व्यावसायिक दर्जाचा नवा डबल हॉर्न कित्येक लाखांना पडतो, जर्मन घेतलात तर बराच वर जातो. आत्ता घेऊ नका. जुना, नीट तपासलेला डबल हॉर्न घ्या आणि खरेदीच्या दिवशी वाजवणारा माणूस बरोबर न्या. व्हॉल्व्ह फिरवून बघा, जोडांना हिरवा गंज आहे का बघा, बेलमध्ये (हॉर्नच्या रुंद तोंडात) हात घालून आतला पोचा चाचपा. दातांना तारा लावायच्या असतील तर आत्ताच लावा, पदवीच्या मध्ये नको.

मुंबईला आलात तर मुलाला घेऊन या, रविवारी सकाळी मी मोकळा असतो. हॉर्न आणावा, छोटा आरसा आणावा. आधी मी त्याला गायला लावणार आहे, तेव्हा लाजू नये. आणि ट्रम्पेटचा माउथपीस घरीच ठेवून यावा. महिनाभर त्याला हातही लावायचा नाही.